पाच किलो कॉस्टिक आणि सेवेरीनची खोली

३ ऑक्टोबर १९३१

आजपासून मंडळाची कोठी माझ्याकडे. प्रार्थनाघरातल्या महिला मिशन मंडळाने एकमताने ठरवलं. माझं नाव सुचवताना येर्ट्रूड, आमच्या अध्यक्षा, सगळ्यांदेखत म्हणाल्या, "ही ओलुफीने मॅट्रिक झालेली आहे, आणि तिच्या हातून एक बटाटासुद्धा वाया जात नाही." मी मान खाली घातली. गर्व येऊ नये म्हणून घरी येईपर्यंत स्तोत्र म्हणत होते. तरी थोडा आलाच. खोटं कशाला लिहू?

कोठी म्हणजे मुख्यतः डिसेंबरची मेजवानी. फ्योर्डच्या तिन्ही फाट्यांतून ऐंशी माणसं लूटफिस्क, म्हणजे कॉस्टिकमध्ये फुगवलेला सुका मासा, खायला येतात आणि जमलेल्या पैशावर मिशनची शाळा चालते. मासा करते सेवेरीन नाक्कन. विधवा आहे, एकसष्ट वर्षांची. प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत राहते. झाडलोट, शेगडी पेटवणं आणि वर्षाचा हा मासा, याच्या बदल्यात ती खोली. तेवढं सोडलं तर तिला दुसरं छप्पर नाही. अकरा वर्षं सगळे तिच्याच माशाचं गुणगान करतात. सुका मासा आधी पाण्यात भिजवायचा, मग कॉस्टिकच्या पाण्यात ठेवायचा की तो फुगतोच. त्यात कला ती कसली, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

निघताना येर्ट्रूड म्हणाल्या, पेट्रीने नावाची त्यांची चुलतबहीण खोली शोधते आहे, कुठे असली तर सांग. मी म्हटलं, देव बघेल.

१२ ऑक्टोबर

बोटीने कॉस्टिक आला. सेवेरीन दरवर्षी किलोकिलोचे पाच डबे घ्यायची. मी पाच किलोचा एकच मागवला. दोन क्रोन सत्तर ओरे वाचले, ते मिशनच्या पेटीत टाकले.

डब्यावर "घट्ट बंद ठेवा" असं छापलं आहे. विकणारे सगळ्यावरच असं काहीतरी छापतात. आमच्याकडे बंद ठेवलेलं काही टिकत नाही. पीठ बंद केलं की बुरशी येते, मांस बंद केलं की वास. आमची कोठी खांबांवर उभी आहे आणि तिच्या भिंतींना फटी ठेवलेल्या आहेत त्या याचसाठी. मासा वाऱ्यावर सुकतो, पातळ भाकरी वाऱ्यावर वर्षभर राहते. आईने मला हे शिकवलं, तिला तिच्या आईने.

म्हणून दुधावर साय धरायच्या सहा उथळ मातीच्या थाळ्या घेतल्या आणि हातमोजे घालून सगळा कॉस्टिक वाटाण्यासारखा एकेरी पसरला. पांढरेशुभ्र खडे, गारांसारखे. वर मलमल टाकली. डबा चांगल्या पत्र्याचा आहे, त्यात आता लोकर ठेवली आहे. उंदरांची काळजी मिटली.

१६ ऑक्टोबर

खड्यांना घाम फुटला आहे. थाळीत ओला हात फिरवल्यासारखे सगळे ओले आणि एकमेकांना चिकटलेले. काल सेवेरीन सुके मासे बघायला कोठीची किल्ली घेऊन गेली होती. तिचे हात कायम ओलेच असतात, ती शाळामास्तरांचं धुणं धुते. मी विचारलं, "थाळ्यांना हात लावलास का?"

"मी? मी तर उलट बघून घाबरले. अगं, हा उघडा का टाकलास?"

"वाऱ्यावर राहावा म्हणून."

"कॉस्टिकला वारा सोसत नाही, ओलुफीने. माझी आई म्हणायची, वारा लागला की मरतो तो."

मी हसले. म्हटलं, "मरायला तो काय कोंबडी आहे?" तीही हसली, पण किल्ली देताना परत थाळ्यांकडे बघत होती.

खिडकीची झडप पूर्ण उघडली. रोज लाकडी पळीने खालवर करणार आहे, म्हणजे सुकेल.

२९ ऑक्टोबर

सुकायचं नाव नाही. आता तर थाळ्यांच्या तळाशी पाणीच साचलं आहे, साबणासारखं बुळबुळीत. एक थेंब मनगटावर उडाला, डाग पडला. व्हिनेगर लावलं.

मन बेचैन होतं म्हणून सगळं वजन केलं. पाच किलोचे सहा किलो सातशे ग्रॅम भरले. दोनदा केलं. माझा वजनकाटा खोटं बोलत नाही, त्याच्यावर मी दहा वर्षं लोणी विकते आहे. छपराखाली, झाकलेल्या थाळीत पावणेदोन किलो पाणी आपोआप येत नाही. ते कोणीतरी घातलं. कोणी ते लिहीत नाही. देवा, माझ्या मनात शंका येते आहे, तिला वाट दाखव.

१५ नोव्हेंबर

प्रार्थना ऐकली गेली. थंडी पडली, चार दिवस कोरडा वारा सुटला आणि थाळ्यांवर पांढरी साय धरली. आज ती कुरकुरीत होऊन तिचा भुगा झाला. पळीने सगळं मोडून एका लाकडी पेटीत भरलं. आठ किलोच्या वर आहे. पाचाचे आठ, म्हणजे नुकसान तर नाहीच. इंगेब्रिक्टला सांगितलं. तो बोटीच्या फळ्या तासत होता. म्हणाला, "वाढलं कशाने?" मी म्हटलं, "ते मला ठाऊक नाही." तो म्हणाला, "मग आनंद कशाचा?"

नवऱ्याशी वाद घालू नये म्हणून आत गेले.

२१ नोव्हेंबर

मासा आठवडाभर साध्या पाण्यात भिजला, आज कॉस्टिकचा दिवस. प्रार्थनाघराच्या स्वयंपाकघरात मी सेवेरीनला तीन किलो मोजून दिला. तिने बादलीत पाणी घेतलं, त्यात हळूहळू भुगा सोडला आणि बादलीला बाहेरून तळहात लावून उभी राहिली. मग माझा हात धरून तिथे लावला.

"थंड आहे."

"मग?"

"मग काय मग! चांगला कॉस्टिक पाण्यात पडला की बादली तापते. हात ठेववत नाही. यात जीव उरलेला नाही. नवा डबा मागव, अजून वेळ आहे. मंगळवारच्या बोटीने येईल."

"घरात आठ किलो पडलेला असताना?"

"आठ असो की ऐंशी. अगं, हा धुण्याचा सोडा झालाय."

तिच्या तोंडून ते कसं चटकन निघालं! मी नीट बघितलं तिच्याकडे. तिने नजर चुकवली नाही, पण लबाड माणसं चुकवतही नाहीत.

"नवा डबा घ्यायला मंडळाचे पैसे माझ्या घरी उगवत नाहीत," मी म्हटलं. "हवा तर आणखी एक किलो घे."

"तू दे. मासा काय म्हणतो ते बघू."

जाताना तिच्या कपाटाचं दार उघडं होतं. आत धुण्याच्या सोड्याची दोन पुडकी. एक फोडलेलं.

२५ नोव्हेंबर

मासा फुगला नाही. चार दिवस झाले. या वेळेपर्यंत तो जाड, काचेसारखा आरपार दिसायला हवा. वरून जरा मऊ, आत लाकूड.

घरी आल्यावर मला शाळेतला तास आठवला. पेटीतला चिमूटभर भुगा बशीत घेऊन वर व्हिनेगर टाकलं. फसफसला! शुद्ध कॉस्टिक फसफसत नाही, धुण्याचा सोडा फसफसतो. इतक्या वर्षांनी शिक्षणाचं चीज झालं. म्हणजे कॉस्टिक काढून घेतला, त्यात सोडा मिसळला, आणि लक्षात येऊ नये म्हणून पाणी. वजन जास्त झालं तिथे ती फसली.

कॉस्टिक तिला कशाला लागतो हेही उघड आहे. साबण करायला.

गुडघे टेकून बराच वेळ बसले. माझ्या मनात तिच्याविषयी राग नाही, फक्त दुःख आहे.

५ डिसेंबर

लिहायला लाज वाटते. ऐंशी माणसं जेवायला बसली. फिरतीवरच्या उपदेशकांनी पहिला घास घेतला, चावत राहिले, चावत राहिले, आणि मग काटा बाजूला ठेवून बटाट्यांची स्तुती केली. लोकांनी बटाटे, वाटाण्याचा लगदा आणि वितळवलेलं लोणी खाल्लं. होकोन म्हाताऱ्याने माशाचा तुकडा उचलून सगळ्यांना दाखवला: "बायांनो, हा फुकट घालवू नका. माझ्या बुटाला तळ हवाच आहे." सगळी बाकं हसली. येर्ट्रूडचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता.

सेवेरीन दारात परात घेऊन उभी होती. कोणी दुसऱ्यांदा वाढून घेईना, तशी ती तिथेच उभी राहिली. कोणीतरी तिला म्हणायला हवं होतं की आत जा.

९ डिसेंबर

सभा झाली. मी उभी राहून सगळं क्रमाने सांगितलं: वजनं, तारखा, बशीतला फेस, कपाटातली पुडकी. आवाज चढवला नाही. येर्ट्रूड म्हणाल्या, "भगिनी सेवेरीन, तुझं काय म्हणणं?"

"ते पहिल्या दिवसापासून सांगते आहे. दुधाच्या थाळ्यांत पसरला होता, महिनाभर. वारा लागून मेला."

मी विचारलं, "मेला तर वजन वाढलं कसं? मेलेली गाय जाड होते का?"

खूप हसल्या सगळ्या. सेवेरीन म्हणाली, "मी काही शिकलेली नाही. का वाढतं ते मला माहीत नाही. पण बादली थंड होती, हिनेच हात लावून बघितलं. विचारा तिला."

"आणि सोड्याची पुडकी?"

"धुणं करते मी! धुण्याला काय साखर लागते?"

पेट्रीने पण आली होती, सभासद नसताना. ती म्हणाली, उद्धटपणा बघा. ठराव झाला की खोली वर्षअखेर रिकामी करावी. इतिवृत्त मीच लिहिते. "भगिनी सेवेरीन यांच्याकडून समाधानकारक खुलासा झाला नाही" असं लिहिलं. बादलीचं लिहिलं नाही, इतिवृत्त लांबलं असतं.

३० डिसेंबर

सेवेरीन गेली. गावाच्या गरीबखात्याने तिची सोय वरच्या खोऱ्यातल्या एका शेतघरी केली आहे. इंगेब्रिक्टने होडीतून तिला आणि तिच्या पेटीला पलीकडे पोचवलं. आल्यावर मी विचारलं, काही म्हणाली का?

"हवेबद्दल बोलली. म्हणाली, आज बरी आहे."

त्याने कॉफी घेतली नाही. अंगणात लाकडं फोडत बसला. सरपण आधीच मार्चपर्यंत पुरेल एवढं आहे.

१४ जानेवारी १९३२

दाढ काढायला शहरात गेले होते. सोबत पेटीतला भुगा कागदात घेतला होता. औषधवाल्या फाल्क साहेबांकडून लेखी दाखला घ्यावा, तो इतिवृत्ताला जोडावा, म्हणजे पुढे कोणी शंका काढायला नको.

त्यांनी भुगा बोटावर घासला, एका नळीत टाकून फसफसवला. म्हणाले, "हा बहुतेक सगळा सोडा आहे."

मी म्हटलं, "तेच हवं होतं. कोणी मिसळला ते आम्हाला ठाऊक आहे."

"कोणी नाही मिसळला, बाई. उघडा ठेवला होतात ना?"

त्यांनी बरणीतून ताज्या कॉस्टिकचा एक खडा काढून काचेवर ठेवला, ती काच गोळ्या मोजायच्या बारीक तराजूत ठेवली, दुसरीकडे वजन घालून काटा मधोमध आणला. "थांबा जरा," म्हणाले आणि एका बाईला खोकल्याचं औषध द्यायला गेले. मी बघत उभी राहिले. खडा आधी चमकला. मग त्याच्याभोवती ओल जमली. कोणी शिवलं नव्हतं. मी श्वाससुद्धा दुसरीकडे सोडत होते. ते परत आले तोवर काच खाली झुकली होती.

"बघितलंत? हा हवेतली ओल पितो. आणि तुम्ही-आम्ही श्वासातून सोडतो तो वायू खातो, तो खाऊन सोडा होतो. म्हणून वजन वाढतं आणि ताकद जाते. पसरट भांड्यात ठेवला होता का?"

"थाळ्यांत."

"ढवळत होतात?"

"रोज."

"मग तर तुम्ही त्याला भरवतच होतात," ते हसले. "दाखला लिहून देऊ?"

मी म्हटलं, नको, त्रास कशाला. घशाच्या गोळ्या घेतल्या, कारण काहीतरी घ्यायला हवं होतं.

बोटीवर गालाला रुमाल धरून बसले. दाढ काढलेली जागा दुखतच होती.

१७ जानेवारी

इंगेब्रिक्टला सांगितलं. त्याने रंधा खाली ठेवला.

"मग जा आणि आण तिला."

"असं कसं? सभा व्हायला हवी, ठराव फिरवायला हवा."

"काढायला एक दुपार पुरली होती."

"पेट्रीने आलीय तिथे राहायला."

"तिला तिच्या बहिणीकडे जागा आहे. येर्ट्रूडच्या घरात सात खोल्या आहेत, मी स्वतः जमिनी घातल्यात."

पुरुषांना मंडळाचं काम कळत नाही. पण रात्री मी ताट तसंच ठेवून उठले. पाप माझं आहे. अजाणता झालं तरी पाप. देवापुढे मी काही लपवणार नाही, आणि मंडळापुढेही नाही.

३ फेब्रुवारी

बोलले! सभेत उभी राहिले आणि सगळं सांगितलं. थाळ्या, ढवळणं, काचेवरचा खडा. सांगताना रडू आलं. मला वाटलं, आता मला बाहेर काढतील, आणि ते योग्यच होईल.

मग येर्ट्रूड उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "असा नम्रपणा मी तीस वर्षांत पाहिला नाही. भगिनींनो, हिच्यापासून शिका." एकेक करून सगळ्या आल्या. म्हातारी आन्नीकेन तर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. आम्ही क्षमेचं स्तोत्र म्हटलं, सगळी कडवी. कॉफीला येर्ट्रूडनी घरून केक आणवला होता. पुढच्या वर्षी उपाध्यक्षपदासाठी माझंच नाव आहे.

खोलीचा विषय निघाला नाही. पेट्रीनेने कालच तिथे नवे पडदे लावले आहेत आणि तीच आज कॉफी वाढत होती. अशा वेळी तो विषय काढणं बरं दिसलं नसतं. शिवाय मी उभी राहिले होते ती माझं पाप कबूल करायला, खोल्यांची वाटणी करायला नव्हे.

महिन्याभराचं ओझं उतरलं. आज झोप लागेल.

८ फेब्रुवारी

सेवेरीनला पत्र लिहिलं. चार पानं. माझी चूक कुठे झाली, देवाने ती मला कशी दाखवली, सभेत कृपा कशी उतरली, सगळं. शेवटी लिहिलं की तिनेही आता मनातली कटुता धरून ठेवू नये, म्हणजे तिलाही ही शांती मिळेल. इंगेब्रिक्टला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "चार पानांत ती कधी येणार ते कुठे आहे?"

पत्र पोस्टात टाकलं.

२४ फेब्रुवारी

सेवेरीनचं उत्तर आलं. दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतलेलं दिसतं, खाली तिची वाकडी सही आहे. पूर्ण उतरवते:

"पत्र पोचलं. माफ केलं. इथे मी गोठ्यावरच्या माळ्यावर झोपते, गुडघे धरलेत, शिडी चढवत नाही. माझी खोली परत मिळेल का?"

एवढंच. मी आत्म्याविषयी चार पानं लिहिली आणि तिचं मन अजून खोलीतच आहे. इतकं सोसूनही काही माणसांचं लक्ष वर जात नाही. मी तिच्यासाठी रोज प्रार्थना करते, आजही केली.

मार्चच्या सभेचे विषय ठरून गेले आहेत. उत्तर इस्टरच्या सुमाराला लिहीन, म्हणजे सणाच्या शुभेच्छाही त्याच तिकिटात जातील.